अण्णांचा उजवा डोळा

अण्णांचा डावा डोळा गेला तेव्हा तार ताणायची चावी माझ्या हातात होती, आणि ती मी चुकीच्या खुंटीवर लावली होती. ही गोष्ट माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, या समजुतीत मी जवळजवळ वर्ष काढलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. झाशीत जुने पियानो उघडून नव्याने उभे करणारे ते एकटेच होते. मूळचे ते पेटीवाले. हार्मोनियमचे भाते बदलायचे, सूर लावून द्यायचे. इंग्रज गेले आणि छावणीतल्या बंगल्यांत, रेल्वेच्या क्लबात, मिशनच्या शाळांत त्यांचे पियानो मागे राहिले. कुणी त्यांच्यावर फुलदाण्या ठेवल्या, कुणी लोणच्याच्या बरण्या. आत उंदरांनी घरं केली. आमच्याकडच्या उन्हाळ्यात चांगलं सागवान तडकतं, तिथे विलायती लाकडाचं काय. कुणीतरी अण्णांना विचारलं, पंडितजी, पेटी ठीक करते हो, यह भी देख लो. अण्णांनी पाहिला. प्रत्येक तुकडा काढण्याआधी त्यांनी त्याचं कागदावर चित्र काढलं, त्याला नंबर दिला. तो पियानो परत बोलायला लागायला आठ महिने लागले. मग दुसरा आला, तिसरा आला, आणि सदर बाजारामागच्या एका जुन्या तबेल्यात अण्णांचा कारखाना उभा राहिला.

बी.ए. झाल्यावर मी त्यांच्याबरोबर जायला लागले. माझं वय तेव्हा तेवीस. आईच्या मते हे लग्न ठरेपर्यंतचं होतं. मला ते काम मनापासून आवडायचं. हातोड्यांवरचा कसर लागलेला लोकरीचा नमदा काढून नवा चिकटवणं, पिवळ्या पडलेल्या पट्ट्या घासणं, सगळं. तारांचं काम तेवढं जोखमीचं. पियानोत दोनशेच्या वर पोलादी तारा असतात. प्रत्येक तारेचं एक टोक बिडाच्या मोठ्या सांगाड्याला अडकवलेलं असतं आणि दुसरं टोक एका पोलादी खुंटीला गुंडाळलेलं. चावीने ती खुंटी फिरवली की तार ताणते आणि सूर चढतो. एकेका तारेवर एका माणसाच्या वजनाइतका ताण असतो. अण्णा म्हणायचे, "सगळ्या तारांचा ताण एकत्र केला तर मालगाडीचा भरलेला डबा होईल. तो या बिडाच्या छातीवर ठेवलेला आहे, एवढं विसरायचं नाही."

मी विसरले तो मार्च महिन्यातला दिवस होता. मिशनच्या शाळेचा उभा पियानो कामाला होता. त्याच्या गंजलेल्या तारांपैकी काही बदलायच्या होत्या, काही तशाच ठेवायच्या होत्या. ग्वाल्हेरची मंडळी चार वाजता मला बघायला येणार होती. दोनपर्यंत घरी ये, असं आईने बजावलं होतं, आणि माझं निम्मं लक्ष कोणती साडी नेसायची याच्याकडे होतं. अण्णा पियानोसमोर उकिडवे बसून, नवी तार खालच्या खाचेत नीट बसवून, तिच्यावर बोट दाबून धरत होते.

"ताण," ते म्हणाले.

मी चावी लावली आणि फिरवली. नव्या तारेची खुंटी शेजारची होती. माझी चावी बसली होती ती एका जुन्या, गंजलेल्या, आधीच पूर्ण ताणलेल्या तारेच्या खुंटीवर. हाताला ती जड लागली. मला वाटलं, खुंटी नवी आहे, लाकडात घट्ट बसली असेल. मी आणखी जोर लावला.

आवाज बंदुकीच्या बारासारखा झाला. तुटलेल्या तारेचं टोक कुठून कुठे गेलं ते मला दिसलंही नाही. अण्णा मागच्या मागे जमिनीवर बसले. त्यांनी डाव्या डोळ्यावर पंजा धरला होता आणि बोटांच्या फटींतून रक्त आणि पाण्यासारखं काहीतरी येत होतं. ते ओरडले नाहीत. "पाणी दे," एवढंच म्हणाले, "आणि टांगा बोलाव."

आम्ही ग्वाल्हेरच्या गाडीत बसलो त्याच सुमाराला मला बघायला येणारी मंडळी झाशीच्या स्टेशनावर उतरली असणार. शेजारच्या भाभींनी त्यांना चहा दिला आणि झालं ते सांगितलं. पुढे त्यांचं नम्र पत्र आलं, की योग दिसत नाही.

ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी अण्णांना तीन आठवडे ठेवून घेतलं. डाव्या डोळ्याची नजर परत येणार नव्हती. तो डोळा काढून टाकायचा की ठेवायचा, यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि ठेवला. घरी सोडताना त्यांनी मला आणि आईला बाहेर बोलावलं.

"अब दूसरी आँख का ध्यान रखिए," ते म्हणाले. "कभी-कभी ऐसी चोट के बाद अच्छी आँख भी बिगड़ जाती है. महीनों बाद भी. लाली आए, रोशनी चुभे, धुंधला दिखे, तो उसी दिन ले आइए. एक दिन भी मत रुकिए."

आईने हात जोडले. मी भिंतीला टेकून उभी राहिले. एक डोळा माझ्यामुळे गेला होता. आता दुसराही जाऊ शकत होता, आणि तोही माझ्यामुळेच.

घरी येणाऱ्याजाणाऱ्यांना आई सांगायची, "तार जुनी होती. सडलेली. तुटली." अण्णाही तेच सांगायचे. कुणी माझ्याकडे पाहिलं की मीही म्हणायचे, "हो, जुनीच होती." एकदा म्हटल्यावर ते दुसऱ्यांदा म्हणणं सोपं गेलं, आणि दहाव्यांदा म्हटल्यावर खरं सांगण्याची वाटच बुजून गेली. मला वाटायचं, अण्णांना कळलं तर ते रागावणार नाहीत, फक्त माझ्याशी बोलणं कमी करतील. आणि आई. आईच्या चेहऱ्याचा विचार मी करतच नसे.

त्या दिवसापासून मी अण्णांच्या उजव्या डोळ्याची राखण करायला लागले. सकाळी ते अंगणात आरशासमोर दाढी करायचे तेव्हा मी चहा घेऊन जायची आणि कप देताना डोळ्यात बघायची. पांढऱ्या भागात एखादी लाल शीर कालच्यापेक्षा जाड झाली आहे का, ऊन आल्यावर ते पापणी मिटतात का. दुपारी ते पेपर वाचायचे तेव्हा मी दाराआडून बघायची, की पेपर डोळ्यांजवळ नेतात की लांब धरतात. एकदा त्यांनी भाजीतला खडा चुकून खाल्ला तर मी दिवसभर तेच घोकत राहिले, की खडा दिसला कसा नाही.

"काय बघतेस?" ते कधीतरी विचारायचे.

"काही नाही."

"चहा गार होतोय तुझा."

मे महिन्यात लूचे भाजणारे वारे सुरू झाले. दारांना ओल्या चटया बांधल्या तरी घरात धूळ यायची. एके दिवशी सकाळी अण्णा उठले ते डोळ्यावर हात धरूनच. उजवा डोळा लालभडक झाला होता. "उजेड टोचतोय जरा," ते सहज म्हणाले.

डॉक्टरांचेच शब्द. आई देवघरात होती, तिला मी काही समजावून सांगत बसले नाही. दोन कपडे पिशवीत कोंबले आणि अण्णांना घेऊन स्टेशन गाठलं. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, पण उजेड नको म्हणून मी खिडकी ओढून घेतली. अण्णा ओला रुमाल डोळ्यांवर ठेवून मागे टेकले होते. त्यांचे दोन्ही डोळे झाकलेले, आणि समोर मी. पुढची कितीतरी वर्षं हे असंच बघायचं आहे, असं माझ्या मनात आलं. काठी धरलेले अण्णा, भिंत चाचपडणारे अण्णा. मी ठरवलं की आत्ता सांगायचं. गाडीतच सांगायचं, डॉक्टरांनी काही बोलायच्या आत, म्हणजे निदान भित्र्यासारखं लपवलं असं तरी होणार नाही. मी "अण्णा" अशी हाक मारली. त्यांनी रुमालाखालून "हं" केलं. दतिया स्टेशन आलं. डब्यात माणसं चढली, एका बाईने तिची गाठोडी माझ्या पायांवर ठेवली. अण्णांनी परत विचारलं, "काय म्हणत होतीस?"

"पाणी हवं का?" मी म्हटलं.

ग्वाल्हेरला डॉक्टरांनी काळोख करून, भिंग लावून डोळा कितीतरी वेळ तपासला. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून श्वास मोजत होते. शेवटी त्यांनी पापणी उलटून कापसाच्या बोळ्याने काहीतरी काढलं आणि मला दाखवलं. लाकडाच्या भुशाचा एक कण होता. वर लूची धूळ. "बाक़ी सब ठीक है," ते म्हणाले आणि थेंब लिहून दिले. मला रडू आलं नाही. उलट जिन्यावर बसून मला उलटी झाली. अण्णांनी माझं डोकं धरलं. त्यांना वाटलं, ऊन लागलं.

पावसाळ्यात अण्णा तबेल्यात परत यायला लागले, आणि तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. एका डोळ्याने त्यांना अंतराचा अंदाज येत नव्हता. चहा कपाच्या बाहेर ओतला जायचा. खुंटीवर चावी लावायला गेले की ती एक बोट अलीकडे पडायची. त्यांनी दोनतीनदा प्रयत्न केला, चावी बाकावर ठेवली आणि म्हणाले, "आता तारा तुझ्या."

मी कारणं काढली. आज हात दुखतो, आज खुंट्यांना पावडर लावायची आहे. काम मिळत होतं आणि दुसरं कुणी करणारं नव्हतं, तेव्हा शेवटी मी चावी हातात घेतलीच. लेथवाल्यांचा असतो तसा जाड काचेचा चष्मा घातला. बाकीच्या तारांवर गोधडी टाकली. प्रत्येक तार तीनदा नखाने छेडून, तिचा माग खुंटीपर्यंत बोटाने काढून, मगच चावी लावायची आणि तोंड फिरवून, डोळे मिटून ती केसभर वळवायची. पूर्वी आठवड्यात व्हायचं ते काम महिना घ्यायला लागलं. लाकूड कुरकुरलं की हातातून चावी सुटायची. अण्णांना मी नेहमी दाराजवळच्या स्टुलावर बसवायची आणि ते जरा जवळ आले की म्हणायची, "तुम्ही मागे व्हा."

थंडी सुरू झाली तेव्हा मॅडमचा पियानो आला. आला म्हणजे आम्हीच त्याच्याकडे गेलो. मॅडम मिशनच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. छावणीतल्या एका बंगल्यात स्वयंपाकीण सोबतीला घेऊन राहायच्या. रस्ता इतका शांत की सायकल गेली तरी आत ऐकू यावी. त्यांच्या बैठकीत तीन पायांचा मोठा आडवा पियानो होता. काही वर्षांपूर्वी छत गळायला लागलं म्हणून तो सरकवताना त्याचा एक पाय मोडला होता आणि तो जमिनीवर कोसळला होता. तेव्हापासून मुका होता.

अण्णांनी झाकण उघडायला लावलं आणि बिडाच्या सांगाड्यावर जागोजागी बोटाच्या पेराने ठोकलं. सगळीकडून घंटेसारखा आवाज आला. उजव्या अंगाला, बारीक तारांजवळच्या आडव्या पट्टीवर, तो आला मडक्यासारखा. अण्णांनी नख फिरवलं.

"इथे बघ," ते मला म्हणाले.

केसाइतका तडा होता. वरून सोनेरी रंग होता म्हणून दिसत नव्हता.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "इसको छोड़ दीजिए. ढलवाँ लोहा फटा हुआ है. पूरा तनाव दिया तो टूट सकता है, और टूटा तो जो पास बैठा होगा उसकी ख़ैर नहीं."

मॅडमनी आपले हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजलेले होते. "पंडितजी, मेरी उँगलियाँ दो-तीन साल और चलेंगी," त्या म्हणाल्या. "उसके बाद आप इसे जला दीजिएगा, मैं कुछ नहीं कहूँगी."

मला वाटलं, अण्णा नाहीच म्हणणार. बाहेर पडताना मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समजले, की ते मनातल्या मनात कामाला लागले आहेत.

रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या फिटरला अण्णांनी बोलावलं. त्याने तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे तडा पुढे सरकू नये, आणि वरून पोलादी पट्टी बोल्टांनी आवळली. जाताना म्हणाला, "पंडितजी, काँच समझो इसको. मैंने बाँध दिया है, जोड़ा नहीं है." हे वाक्य पुढे अनेक दिवस माझ्या कानात होतं.

पियानो हलवणं धोक्याचं होतं, म्हणून सगळं काम मॅडमच्या बैठकीतच केलं. जुन्या तारा उतरवल्या, तारांखालच्या, आवाज घुमवणाऱ्या फळीच्या भेगा भरल्या, खुंट्या बदलल्या, नव्या तारा सैल गुंडाळून ठेवल्या. त्यात दीड महिना गेला. या सगळ्यात तारा सैल होत्या, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर होता. मग जानेवारीतल्या एका दुपारी अण्णा म्हणाले, "चल. आज चढवायला सुरुवात करू."

मी चष्मा घातला. गोधडी टाकली. चावी उचलली आणि खुंटीपर्यंत नेली. तिथून ती पुढे जाईना.

"अण्णा, मी नाही ताणणार."

"का?"

"दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. कलकत्त्याहून बोलवा."

"कलकत्त्याहून कोण येतंय. का नाही ताणणार, ते सांग."

मॅडम मागच्या व्हरांड्यात ऊन खात होत्या. बैठकीत आम्ही दोघंच होतो. मी चावी गोधडीवर ठेवली. गाडीत जे तोंडाशी येऊन परत गेलं होतं ते आता आपसूक बाहेर आलं.

"ती तार जुनी होती म्हणून नाही तुटली. मी चुकीच्या खुंटीवर चावी लावली होती. माझं लक्ष नव्हतं. जड लागली तरी फिरवली. तुमचा डोळा मी घालवला."

अण्णा उभे होते ते स्टुलावर बसले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघूच शकत नव्हते. मी पट्ट्यांकडे बघत राहिले.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

मी वर पाहिलं.

"माझं बोट नव्या तारेवर होतं ना. तू चावी फिरवत होतीस आणि माझ्या बोटाखालची तार सैलच होती. म्हणजे तू दुसरीच ताणत होतीस. तेव्हाच कळलं."

"मग..."

"मग थांब म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. मनात आलं, तिची तिला कळू दे. सारखं सांगत राहिलं तर शिकणार कशी. तेवढा एक क्षण गेला. तू तेवीस वर्षांची पोर, त्या दिवशी तुला बघायला येणार होते, तुझं लक्ष नव्हतं यात नवल ते काय. माझं सगळं लक्ष तिथेच होतं, आणि तरी मी गप्प बसलो. वर्ष होत आलं, मला रोज भीती वाटते की तू मला विचारशील, अण्णा, तुमचं बोट तारेवर होतं, मग तुम्ही बोलला का नाहीत."

मला ते कधी सुचलंच नव्हतं. वर्षभर मी त्यांच्या डोळ्यात बघत होते आणि ते माझी नजर चुकवत होते, ते या कारणाने, हे मला आत्ता कळत होतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हातबित ठेवला नाही. खिशातून रुमाल काढून डावा डोळा पुसला. तो अधूनमधून पाझरायचा.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "ती आपल्या दोघांनाही माफ करेल आणि मग रोज त्याचा त्रास करून घेईल."

मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"आता असं करू. माझं बोट तारेवर. तू चावी केसभर वळव, बोटाला ताण लागला की मी 'आली' म्हणेन. 'आली' ऐकू आल्याशिवाय तू चावी पुढे हलवायची नाही."

"तुम्ही इतक्या जवळ नका बसू. चांगला डोळा..."

"चष्मा दे मला. तू आणखी एक आण बाजारातून."

दुसऱ्या दिवशी मी दुसरा चष्मा आणला आणि काम सुरू झालं. भीती गेली नव्हती. उलट आता त्या दोन होत्या: तारेची एक आणि त्या तड्याची दुसरी. अण्णांनी चुना कालवून तड्याच्या आडवी, पट्टीच्या कडेला लागून, एक बारीक पांढरी रेघ ओढली. बीड जरा जरी उघडलं तर वाळलेला चुना आधी चिरणार. दर दहा तारांनंतर मी भिंगाने रेघ बघायची.

"आली," अण्णा म्हणायचे. मी चावी केसभर वळवायची. "आली." पुन्हा केसभर. एका अंगाला भार येऊ नये म्हणून आम्ही एक तार डावीकडची, एक उजवीकडची, एक मधली अशा चढवत होतो. पहिल्या फेरीत सगळ्या तारा अर्ध्यावर आणल्या. दुसऱ्या फेरीत आणखी वर. बीड आतल्या आत कधी टक् करायचं, कधी कुं करायचं. अण्णा म्हणायचे, ते जागा घेतंय. मला ते पटायचं नाही. मॅडमची स्वयंपाकीण चहा ठेवून जायची ती दाराबाहेरच, कारण मी तिला आत येऊ द्यायची नाही.

सहाव्या दिवशी, तिसऱ्या फेरीत, सूर जवळजवळ ठिकाणावर आला होता. उजव्या अंगाची एक तार चढवताना मी रेघेकडे पाहिलं. भिंगाची गरज नव्हती. पांढऱ्या रेघेच्या मधोमध एक काळा धागा उभा होता.

चावी माझ्या हातात, ताण पूर्ण. ती सोडून दाराकडे धावावं, एवढाच विचार होता. अण्णांचं तोंड तारांपासून वीतभर अंतरावर.

"अण्णा, रेघ फुटली."

ते हलले नाहीत. आवाजही चढवला नाही. "चावी सोडू नकोस. उलटी फिरव. हळू. मी सांगतो."

मी फिरवली. त्यांच्या बोटाखाली तार सैल व्हायला लागली. "गेली," ते म्हणाले. "आता डावीकडची." एकदम एकाच अंगाच्या तारा उतरवल्या असत्या तरी बीड मोडलं असतं, म्हणून जशा चढवल्या तशाच उतरवायच्या होत्या, आलटूनपालटून. त्यात ऊन खिडकीवरून भिंतीवर आणि भिंतीवर चढत छताजवळ गेलं. किती तारा उतरवल्या ते मला आठवत नाही. "गेली," "गेली," हा अण्णांचा आवाज आठवतो, आणि माझ्या मानेवरून पाठीत उतरणारा घाम. जानेवारीत.

शेवटी अण्णांनी हात उचलला. माझी बोटं चावीवरून सरळ होईनात, ती त्यांनी एकेक करून सोडवली.

मॅडमना त्यांनी खरं ते सांगितलं. पियानो पूर्ण सुरावर कधीच जाणार नाही. दोन पट्ट्या खाली ठेवला तर बीड धरेल, असं वाटतं. खात्री नाही. दुसऱ्या कुठल्या वाद्याबरोबर तो वाजवता येणार नाही.

"मेरी आवाज़ भी उतनी ही उतर गई है," मॅडम म्हणाल्या. "किसके साथ बजाना है मुझे."

आम्ही नवी रेघ ओढली आणि पियानो दोन पट्ट्या खाली लावला. तीन दिवस काहीही न करता ठेवला. रेघ अभंग राहिली. चौथ्या दिवशी मॅडम बाकावर बसल्या. मी त्यांना चष्मा देऊ केला, तो त्यांनी हसून परत केला. काय वाजवलं ते मी सांगू शकत नाही, कारण मी ऐकतच नव्हते. त्यांनी डाव्या हाताने जड सूर दाबला की मी रेघेकडे बघायची. अण्णा मात्र ऐकत होते. डोळे मिटून, मान खाली घालून. वाजवणं संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या सप्तकातला ग जरा चढलाय," आणि मी उठून तो उतरवला.

आईला मी सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत त्या सडलेल्या तारेला बोल लावत राहिली आणि दरवेळी मी मान डोलावली. अण्णांचा उजवा डोळा ते गेले तोपर्यंत शाबूत होता. दाढीच्या वेळी चहा नेऊन देण्याची माझी सवय मात्र सुटली नाही, आणि काय बघतेस हे त्यांनी विचारणं थांबवलं.

मॅडमच्या बंगल्यावर मी दर महिन्याला रेघ तपासायला जायची. दुसऱ्या वर्षी एकदा गेले, झाकण उचललं आणि रेघच नव्हती. सोनेरी रंग लख्ख पुसलेला. स्वयंपाकीण अभिमानाने म्हणाली, "बिन्नू, चूना लगो तो, हमने गीले कपड़ा से पोंछ दओ."

माझ्या पिशवीत चुन्याची डबी होती. मी ती काढली आणि काडी शोधायला लागले, तर मॅडम आल्या.

"रहने दो बेटी," त्या म्हणाल्या. "तुम हर महीने इसमें झाँकती हो तो मुझे भी डर लगता है. अब बजा लेने दो."

मी डबी पिशवीत ठेवली. चपला घालत होते तोवर आतून वाजवणं सुरू झालंही. मी व्हरांड्याच्या पायरीवर थांबले आणि ते संपेपर्यंत बीड तडकल्याचा आवाज येतो का, ते ऐकत राहिले.